बिनतारी शंभर फूट

कृष्णकांत मिराशींना जगातली बहुतेक माणसं अर्धवट वाटत आणि उरलेली ठार मूर्ख. तीस वर्षं त्यांनी चंडीगढच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी उपकरण-प्रयोगशाळेत काढली. या तीस वर्षांत आपल्याला एकही धड वरिष्ठ लाभला नाही, हे ते निरोपाच्या समारंभात, गळ्यात हार असताना, माइकवरून सांगून आले होते. टाळ्या मात्र जोरात पडल्या. त्या आपल्या सडेतोडपणाला पडल्या असं त्यांना वाटलं. त्यांच्या पत्नीला, शालिनीबाईंना, त्या सुटकेच्या वाटल्या, पण त्या काही बोलल्या नाहीत. मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत जन्म गेल्यामुळे कुठे सुई टोचायची आणि कुठे नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं.

दोघांच्या पगारावर त्यांनी सेक्टर अडतीसमध्ये कोठी, म्हणजे तिकडच्या भाषेत बंगला, बांधली होती. पुढे हिरवळ, मागे अंगण, अंगणात एक तुतीचं झाड आणि अगदी मागे, गल्लीला लागून, नोकरासाठी दोन खोल्यांची क्वार्टर. नोकर कधी टिकला नाही. झाडू कुठल्या कोनात धरावा हे ऐकून घेणारा माणूस पंजाब, हरियाणा आणि हिमाचल, तिन्हीकडे मिळाला नाही. मग क्वार्टरमध्ये जुने रेडिओ आणि खोकी साठत गेली.

दोन हजार सहाच्या जानेवारीत ती खोकी बाहेर निघाली. मिराशींचा मुलगा अनिमेष गुडगावची नोकरी सोडून घरी परत आला होता. कॅनडातल्या एका कंपनीसाठी घरांचे बांधकामाचे नकाशे काढून पाठवायचे, असा धंदा त्याने हरिंदर नावाच्या मित्राबरोबर सुरू केला. ऑफिस क्वार्टरमध्ये. मिराशींना धंदाही पटला नाही आणि हरिंदरही. हरिंदर डिप्लोमावाला. त्याच्या बापाचं जवळच्या खरड गावात पंख्यांचं आणि गिझरचं दुकान. "तिकडे लाकडाची घरं बांधतात आणि त्याचे नकाशे इकडे विटांच्या घरात बसून काढायचे," असं मिराशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. यात हसण्यासारखं काय आहे ते ऐकणाऱ्याला कळत नसे. मग मिराशी त्याचीही कीव करत.

अडचण एकच होती. इंटरनेट पुढच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या कपाटामागे होतं, आणि क्वार्टर तिथून शंभर फुटांवर. मागच्या गल्लीत नवीन फोनसाठी तारांची जोडी शिल्लक नाही, असं उत्तर अर्ज केल्यावर मिळालं होतं. हरिंदरने पहिल्याच दिवशी मार्ग सांगितला.

"अंकल जी, तार खींच देते हैं. घंटे का काम है."

मिराशींनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि पाऊण तास समजावलं. दोन वेगळ्या इमारती, दोघींचं अर्थिंग वेगळं. त्यांच्यामध्ये तांब्याची तार ओढणं म्हणजे विजेला घरी जेवायला बोलावणं. आसपास कुठे वीज पडली की तिचा धक्का त्या तारेतून दोन्ही टोकांची यंत्रं जाळून जाणार. प्रयोगशाळेत एका गाढवाने दोन इमारतींत अशीच तार ओढली होती आणि जर्मनीहून आणलेलं यंत्र एका कडकडाटात कोळसा झालं होतं. त्या गाढवाचं नावही त्यांनी हुद्द्यासकट सांगितलं.

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मिराशींचं दुखणं तेच होतं. ते सहसा चुकत नसत. चुकणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

तेव्हा तार नाही, असं ठरलं. जोडणी बिनतारी होणार आणि ती मिराशी स्वतः करणार. बाजारात मिळणाऱ्या वायरलेसच्या दोन पेट्या त्यांनी आणल्या, त्यांची झाकणं उघडली, आतल्या कामाला "चिनी शिवणकाम" म्हणाले आणि त्यांचे अँटेने कापून टाकले. नवे अँटेने पितळी नळीचे. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लेथवाल्याकडे ते आठ दिवस जाऊन बसले आणि मिलिमीटरच्या दशांशावरून त्याच्याशी भांडले. एक अँटेना घराच्या मागच्या खिडकीवर बसला, दुसरा क्वार्टरच्या भिंतीवर. तोवर अनिमेष आणि हरिंदर पेनड्राइव्ह खिशात टाकून घर ते क्वार्टर फेऱ्या मारत होते. थंडीत, धुक्यात, दिवसातून वीस वेळा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जोडणी लागली. क्वार्टरमधल्या पेटीवर हिरवा दिवा लुकलुकला आणि कॅनडाचं पान भराभर उघडलं. हरिंदरने अंकलजींचे पाय धरले. शालिनीबाईंनी शिरा केला. मिराशींनी शिरा खाता खाता सांगितलं की हे काम डिप्लोमात शिकवत नाहीत.

मार्चमध्ये अनिमेषने दोनदा तक्रार केली. लहानपणापासून तो मराठी समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा.

"पापा, बीच-बीच में कट रहा है. फाइल आधी जाके रुक जाती है."

मिराशी शिडीवर चढले, गणित केलं, आणि खिडकीवरचा अँटेना दोन अंश डावीकडे वळवला. आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, आता कसं आहे? अनिमेष म्हणाला, "एकदम बढ़िया." त्यानंतर कधी तक्रार आली नाही.

ते दोन अंश मिराशींनी मग पुष्कळ दिवस पुरवले. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात त्यांनी त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. समोर पीजीआय इस्पितळातले डॉक्टर होते, एअर फोर्सचे दोन अधिकारी होते, त्यांच्या बायका होत्या. विमानं उडवणाऱ्या माणसांना दोन अंशांचं महत्त्व माहीत असेल असं आपण समजत होतो, असं ते घरी येऊन म्हणाले, पण ती माणसं श्रीखंडाकडे बघत होती.

एप्रिलमध्ये त्यांनी श्यामसुंदर पाठकांना मुद्दाम घरी बोलावलं. पाठक प्रयोगशाळेतले जुने सहकारी. बढती मिराशींच्या आधी मिळाली होती, त्यामुळे मिराशींच्या लेखी ते मंदबुद्धी. मिराशींनी त्यांना खिडकीवरचा अँटेना दाखवला, मग अंगणातून चालवत क्वार्टरवरचा दाखवला, हिरवा दिवा दाखवला. पाठक बराच वेळ अंगणाच्या मध्यात उभे राहिले. वर झाडाकडे पाहिलं, मग कुंपणाच्या भिंतीकडे.

"तुती छान लगडली आहे यंदा," ते म्हणाले.

"घेऊन जा डबाभर," मिराशी म्हणाले. पाठक गेल्यावर त्यांनी शालिनीबाईंना सांगितलं की या माणसाला भौतिकशास्त्र दाखवलं तर हा फळं मोजतो, आणि अशी माणसं या देशात विभागप्रमुख होतात. शालिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान डोलावली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आंधी आली. संध्याकाळी साडेसहाला आकाश पिवळं झालं, धूळ उठली, दारंखिडक्या आपटल्या. मागच्या गल्लीपलीकडच्या पार्कात सफेद्याचं, म्हणजे निलगिरीचं, उंच झाड आहे, त्यावर वीज कोसळली. घरातल्या भांड्यांनासुद्धा तो आवाज जाणवला. दिवे गेले. तासाभराने आले तेव्हा टीव्ही चालू झाला, फ्रिज चालू झाला, पण इंटरनेट मेलं होतं. मागे क्वार्टरमध्ये दोन्ही कॉम्प्युटर चालू होत होते, पण इंटरनेटची वायर जिथे खोचतात ती जाळ्याची खोबण दोन्हींची गेली होती.

अनिमेष सकाळी सातलाच कपाळाला हात लावून बसला. दुसऱ्या दिवशी कॅनडाला नकाशे जायचे होते. मिराशींना मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं. वीज काय करते हे त्यांनी जानेवारीतच सांगितलं होतं. ते स्क्रू-ड्रायव्हर आणि मीटर घेऊन निघाले.

टीव्हीच्या कपाटामागचा मोडेम जळला होता. ठीक. फोनच्या तारेतून आली असणार. मग ते खिडकीतल्या आपल्या पेटीकडे गेले. ती शाबूत. क्वार्टरमध्ये गेले. तिथली त्यांची पेटीही शाबूत, हिरवा दिवा लुकलुकतोय. कॉम्प्युटरचे विजेचे भाग ठणठणीत, पडदे ठणठणीत. जळली होती ती फक्त जाळ्याची खोबण, दोन्हींची, काळी पडून.

मिराशी स्टुलावर बसले. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. काय जळलं आणि काय वाचलं यावरून वाट शोधायची. घरात मोडेम जळला. शंभर फुटांवर कॉम्प्युटर जळले. मध्ये त्यांची दोन यंत्रं, ज्यांच्यातून सगळं जातं, त्यांना ओरखडा नाही. विजेच्या तारेतून आली म्हणावं तर विजेचे भाग जळायला हवेत. हवेतून वीज येऊन दोनच खोबणी निवडून जाळत नाही. म्हणजे मोडेमपासून या कॉम्प्युटरपर्यंत तांबं आहे. तार आहे.

त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. चूक निघेना.

मग ते खाली वाकले. आपल्या पेटीतून निघालेली वायर टेबलामागे जाऊन कशालाच जोडलेली नव्हती. तिचं टोक सेलोटेपने टेबलाच्या पायाला नीट चिकटवलं होतं, लोंबू नये म्हणून. कॉम्प्युटरमधून निघालेली दुसरी एक करडी वायर खिडकीच्या फटीतून बाहेर गेली होती. मिराशी तिच्या मागोमाग निघाले. कुंपणाच्या भिंतीवर मधुमालतीच्या वेलाखालून, केबल टीव्हीच्या काळ्या तारेला दर हातावर बांधलेली, ती अंगणभर गेली होती आणि कूलरच्या प्लॅस्टिकच्या पाइपमधून दिवाणखान्यात शिरली होती. बांधलेलं चांगलं होतं. गाठी एकसारख्या होत्या. टीव्हीचं कपाट त्यांनी जोर लावून पुढे ओढलं, तेव्हा मोडेमच्या मागे एक छोटी फाटे फोडणारी पेटी सापडली. तीही जळलेली.

अंगणात परत येऊन ते जिथे पाठक उभे राहिले होते तिथे उभे राहिले. दोन अँटेन्यांच्या बरोबर मध्ये तुती. फेब्रुवारीत तिच्या नुसत्या काड्या होत्या. मार्चमध्ये पालवी फुटली होती. पानं म्हणजे पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं.

अनिमेष मागच्या दारात उभा होता. त्याने वडिलांच्या हातात वायरचं टोक पाहिलं.

"केव्हापासून?" मिराशींनी विचारलं.

"मार्च से."

"मी दोन अंश फिरवला त्याच्या आधी की नंतर?"

"उसी दिन. आप शिडीवरून उतरलात, और शाम को हरिंदर ने खींच दी. घंटा लगा."

"आईला माहीत आहे?"

"हो."

मिराशी वायरकडे बघत म्हणाले, "मला सांगायची भीती वाटली तुम्हाला."

आयुष्यात एवढं सलग मराठी अनिमेष त्यांच्याशी कधी बोलला नव्हता. "भीती नाही, बाबा. कंटाळा. तुम्हाला सांगितलं असतं की झाडामुळे होतंय, तर तुम्ही पाऊण तास बोलला असता. मग झाड कापलं असतं, किंवा नवीन अँटेना केला असता. आणखी दोन महिने गेले असते. आम्हाला काम होतं."

हे बोलताना तो रागावलेलाही नव्हता. दुकानदाराने माल शिल्लक नाही म्हणून सांगावं तसं त्याने सांगितलं. मिराशींनी हा स्वर ओळखला. मूर्खाशी वाद घालत बसू नये, त्याला हो म्हणावं आणि आपलं काम करावं, असं ते स्वतः प्रयोगशाळेत नव्या मुलांना सांगत. त्या वाक्यातला मूर्ख कधी आपण असू, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

स्वयंपाकघरात शालिनीबाई चहा गाळत होत्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "कपाट मीच धरलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लेथवाल्याकडे गेला होतात, त्याचे आभार मानायला का त्याला शिव्या द्यायला ते आठवत नाही."

"आणि पाठक?"

"त्यांनी तार पाहिली. इथे येऊन मला म्हणाले, पानं फुटल्यावर ते चालत नसेल ना वहिनी? मी म्हटलं, नाही चालत. मग त्यांनी तुती मागितली." त्यांनी कप पुढे केला. "घ्या, निवेल."

मिराशींनी चहा घेतला नाही. ते आपल्या खोलीत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. मंडळातलं भाषण त्यांना आठवत होतं, अनिमेष मागच्या रांगेत बसला होता तेही. तो टाळ्या वाजवत होता. राग कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. एकेकाला ते मनात उभं करत आणि त्याचा मूर्खपणा शोधत, पण हरिंदरच्या गाठी एकसारख्या होत्या आणि तासाभरात काम झालं होतं. तार जळली, ही त्यांची बाजू. पण तार जळेपर्यंत तीन महिने चालली, आणि आपलं यंत्र पालवीपर्यंतच चाललं, ही दुसरी.

दुपारी हरिंदर नव्या वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला. त्याला काय झालं ते कळलेलं होतं. तो सरळ मिराशींच्या खोलीच्या दाराशी आला.

"अंकल जी, एक बात पूछनी थी. जली क्यों? मैंने तो पाइप में से निकाली थी."

मिराशींना वाटलं हा थट्टा करतो आहे. त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. मग त्यांनी सांगितलं. प्लॅस्टिकच्या पाइपाने काही होत नाही, प्रश्न दोन टोकांच्या अर्थिंगचा आहे. या वेळी पाच मिनिटांत संपलं, कारण हरिंदर मध्येच म्हणाला की मग तांबं नसलेली तार असती तर?

"काचेची," मिराशी म्हणाले.

"मिलती है?"

मिळत होती. ऑप्टिकल फायबर या नावाने प्रयोगशाळेत वापरतही होते. जानेवारीत मिराशींनी तिचा विचार केलाही होता, पण ती तयार मिळते, दोन टोकांना दोन पेट्या लावल्या की संपलं. त्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. हे ते हरिंदरला बोलले नाहीत.

सेक्टर सतराच्या दुकानात दिल्लीहून मागवावी लागेल, पंधरा दिवस, असं उत्तर मिळालं. अशी तार ठेवणारा चंडीगढमधला माणूस पाठकांच्या ओळखीचा होता. मिराशींनी फोनचा नंबर अर्धा फिरवून दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा पुरा फिरवला. पाठक नेहमीसारखेच सावकाश बोलले, पत्ता दिला, तिथल्या माणसाला आपण फोन करून ठेवतो म्हणाले. बाकी एक अक्षर बोलले नाहीत. मिराशींना ते अक्षर आलं असतं तर बरं झालं असतं.

नकाशे तेवढे अनिमेषने सेक्टर बावीसच्या सायबर कॅफेतून पाठवले. तिसऱ्या दिवशी काचेची तार लागली. हरिंदर भिंतीवर चढला, मिराशींनी खालून भेंडोळं सोडत नेलं. ही तार जोरात वाकवली तर तुटते, एवढंच त्यांनी सांगितलं. हरिंदरने एका कोपऱ्यात ती वाकवलीच. मिराशींच्या तोंडावर "गाढव" आलं आणि ते म्हणालेही. हरिंदर हसला आणि त्याने वळण मोठं केलं. जुलै-ऑगस्टमध्ये तीनदा विजा कडाडल्या, पण क्वार्टरला काही झालं नाही. कोणी त्याचा उल्लेख केला नाही. अँटेने मिराशींनी स्वतःच उतरवले आणि पितळ लेथवाल्याला परत देऊन आले.

ऑक्टोबरात धंदा वाढला. अनिमेषने मोहालीत, सेक्टर सदुसष्टच्या औषधांच्या संस्थेजवळ, एका इमारतीचा वरचा मजला भाड्याने घेतला. या वेळी त्याने सगळ्यांच्या आधी वडिलांना सांगितलं. मिराशींनी लगेच त्या जागेतले चार दोष सांगितले. जागा त्यांनी पाहिली नव्हती. तिसऱ्या दोषाला अनिमेषने घड्याळ पाहिलं, पण तो उठला नाही. चौथा ऐकून उठला.

उद्घाटनाला मिराशी गेले. पूजा झाली, लाडू वाटले. ते गच्चीवर गेले. इंटरनेट या इमारतीत समोरच्या टॉवरवरून हवेतून येत होतं. त्यासाठी गच्चीवर वीस फुटी लोखंडी खांब उभा केला होता. खांबाला अर्थिंग नव्हतं. आजूबाजूला याच्याइतकं उंच काही नव्हतं. खाली येऊन त्यांनी हरिंदरला बाजूला घेऊन सांगितलं. हरिंदर पाहुण्यांत होता. "देख लेंगे अंकल जी, पक्का," तो म्हणाला आणि लाडूंचं ताट घेऊन पुढे गेला.

आठ दिवसांनी मिराशी बसने मोहालीला गेले. खांब तसाच होता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, या वेळी पिशवीत जाड हिरवी वायर, तांब्याच्या पट्ट्या, पाने आणि मीटर घेऊन. रविवार होता, ऑफिस बंद. चौकीदाराने त्यांना मालकाचे वडील म्हणून ओळखलं आणि शिडी दिली. इमारतीच्या मीटरच्या खोलीत अर्थिंगची पट्टी होती. ती त्यांनी आधी तपासली, गंज घासून काढला, मग गच्चीवरून भिंतीने वायर खाली आणली. चौसष्टाव्या वर्षी तीन मजले चार वेळा चढउतर झाली. वाटेत दोनदा पायरीवर बसावं लागलं. शेवटी मीटरचा काटा जिथे हवा तिथे आला. त्यांनी शिडी परत केली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. शालिनीबाईंनी त्यांचे काळे हात पाहिले, साबण दिला आणि कुठे गेला होता विचारलं.

"तुझ्या मुलाच्या मित्राने केलेलं तिसऱ्या दर्जाचं काम नीट करायला."

"मग त्यांना सांगून करायचं."

"सांगायचं काय त्यात?" मिराशी हात घासत म्हणाले. "काम झालं."